झाकणाचा इतिहास

१९११ साली मुंबईत एक सरकारी अहवाल छापून आला. विषय मुंबईतला मलेरिया, लेखक डॉ. चार्ल्स बेंटली. असे अहवाल त्या काळात ढिगाने निघत आणि कपाटात जात. याचं म्हणणं मात्र दोन ओळींत मावेल इतकं सोपं होतं: शहरातल्या विहिरी बुजवा, आणि बुजवता येत नसतील तर त्यांच्यावर डास आत जाऊ शकणार नाही असं झाकण बसवा. पाण्याच्या टाक्यांनाही तेच लागू.

आज पावसाळा जवळ आला की मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं इमारतींच्या गच्च्यांवर चढतात आणि टाकीचं झाकण घट्ट बसतंय का ते बघतात. मधल्या काळात एक जादूचं औषध येऊन गेलं, त्याला नोबेल मिळालं, देशातून मलेरिया जवळजवळ संपला आणि परत आला. आणि आपण पुन्हा गच्चीवर, टाकीपाशी उभे आहोत. इतका स्वस्त आणि इतका जुना उपाय शंभर वर्षांत पुरता अमलात का आला नाही, हा प्रश्न मला डासापेक्षा जास्त छळतो. त्याचं उत्तर शोधायला आधी त्या डासाकडे जावं लागतं.

'डास' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. भारतात डासांच्या चारशेच्या आसपास जाती आहेत आणि प्रत्येकीची राहणी वेगळी. संध्याकाळी गटाराच्या कडेला डोक्यावर घोंघावणारा ढग बहुतेक वेळा क्युलेक्सचा असतो. त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो, मलेरिया नाही. मलेरिया पसरवतात त्या अ‍ॅनोफिलीस गटातल्या मोजक्या जाती, आणि त्यातही फक्त माद्या. खेड्यात हे काम मुख्यतः अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीज करतो, कालवे, डबकी, ओढ्यांत साचलेलं पाणी अशा ठिकाणी वाढणारा. डोंगरपायथ्याच्या झऱ्यांत दुसरी जात. आणि शहरात तिसरी: अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्साय.

या स्टिफेन्सायची आवड आपल्यासारखीच आहे. त्याला स्वच्छ, थंड, सावलीतलं, स्थिर पाणी लागतं. म्हणजे जे पाणी आपण पिऊ, तेच. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, जमिनीखालची टाकी, कारंजं, बांधकामावर सिमेंटला पाणी मारायला भरून ठेवलेलं पिंप. गटार झाकलं, कचरा उचलला, रस्ते झाडले, तरी या डासाचं काही बिघडत नाही. 'घाणीमुळे मलेरिया होतो' हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की स्वच्छ सोसायटीत मलेरिया निघाला की लोक शेजारच्या झोपडपट्टीकडे बोट दाखवतात आणि डोक्यावरची टाकी विसरतात.

या डासाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९०१ साली झालं, आणि तेही आपल्याकडेच. विल्यम ग्लेन लिस्टन नावाचा लष्करी वैद्यकीय सेवेतला तरुण डॉक्टर तेव्हा वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला होता. तिथे वर्षभर डासांच्या सवयींचा अभ्यास करून त्याने जी नवी जात नोंदवली तिला जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टिफेन्स या मलेरियातज्ज्ञाचं नाव दिलं. हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगवर काम करताना उंदराच्या पिसवांमागे लागला, आणि प्लेग माणसापर्यंत कसा पोचतो हे कोडं सोडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण ती वेगळी गोष्ट.

त्याच्या चारच वर्षं आधी, २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी दिसला होता. शोध लागल्यावर रॉसचं म्हणणं सरळ होतं: रोग डासातून येतो, डास पाण्यातून येतो, तर पाण्याचा बंदोबस्त करा. अळीपासून पंख फुटेपर्यंत मुंबईच्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्या काळात ती पाण्याबाहेर कुठेही जाऊ शकत नाही. उडणाऱ्या डासामागे लागण्यापेक्षा पाण्यात अडकलेल्या अळीला गाठणं केव्हाही सोपं. १९०२ मध्ये त्याने सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावात हे करून दाखवलं आणि तिथला मलेरिया झपाट्याने उतरला.

भारतात मात्र याच कल्पनेची पहिली मोठी परीक्षा सपशेल फसली. लाहोरजवळ मियाँ मीर नावाची छावणी होती. तिथे १९०२ पासून काही वर्षं ख्रिस्टोफर्स आणि जेम्स यांनी खड्डे बुजवले, पाण्यावर तेल टाकलं, पाटचाऱ्या साफ केल्या. डास परत आले, मलेरियाही राहिला. 'भारतासारख्या देशात अळ्यांच्या मागे लागणं म्हणजे समुद्र उपसणं' असा निष्कर्ष निघाला, आणि सरकारी मत क्विनाइन वाटण्याकडे झुकलं. रॉस भयंकर चिडला. पैसे पुरेसे दिले नाहीत, काम नीट झालं नाही, असं तो उरलेलं आयुष्य सांगत राहिला.

माझ्या मते त्या भांडणात दोघांचंही थोडं बरोबर होतं. मियाँ मीर म्हणजे कालव्यांनी वेढलेला सपाट प्रदेश. पावसाळ्यात तिथे पाणी किती ठिकाणी साचेल याला गणतीच नाही. मुंबईतला शत्रू वेगळा होता. स्टिफेन्सायला लागणारं पाणी माणसाने बांधलेल्या, भिंती असलेल्या, मालक असलेल्या जागीच मिळतं. विहिरी मोजता येतात. टाक्या मोजता येतात. प्रत्येकीचा पत्ता लिहून काढता येतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'अटॅक सरफेस' म्हणतात: आत शिरायच्या जागांची यादी जितकी लहान, तितकं काम सोपं. बेंटलीला हे नीट कळलं होतं. तो माणूसच तसा होता. मुंबईआधी त्याने ख्रिस्टोफर्सबरोबर बंगालच्या दुआर भागातल्या चहामळ्यांत मलेरिया अभ्यासला होता आणि मजुरांना ज्या तऱ्हेने आणून कोंबलं जातं त्याकडे बोट दाखवलं होतं. नंतर बंगालच्या आरोग्य खात्याचा प्रमुख असताना रेल्वे आणि रस्त्यांच्या बांधांनी नद्यांचं पाणी अडवून खेडी आजारी पाडली असं त्याने सरकारी नोकरीत राहून लिहिलं. मलेरिया निसर्गाने दिलेला शाप आहे यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. माणसाने काय बांधलंय ते तो आधी बघायचा.

मुंबईने काय बांधलं होतं? १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, १८७९ मध्ये तुळशीचं, १८९२ मध्ये तानसाचं. त्याआधी शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गवालिया टँक ही नावं उरली, तलाव बुजले. नळ आल्यावर विहिरीही जायला हव्या होत्या. त्या गेल्या नाहीत. फोर्टसारख्या जुन्या, सुस्थित वस्तीतही घरोघरी अंगणात विहीर होती आणि तिथेच स्टिफेन्साय सुखाने नांदत होता.

महापालिकेने नोटिसा काढायला सुरुवात केली आणि शहर खवळलं.

पारशांसाठी विहीर म्हणजे केवळ पाण्याची सोय नव्हती. अग्यारीतल्या विधींना विहिरीचं पाणी लागतं, नळाचं चालत नाही. आवां यझद ही पाण्याची अधिष्ठात्री शक्ती, तिची प्रार्थना विहिरीपाशी करतात. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, आणि आजही पारशी तिथे प्रार्थनेला जातात. हिंदूंच्याही विहिरी मोकळ्या नव्हत्या. विहिरीत साती आसरा राहतात, तिथे हळदकुंकू, नारळ, बाळंतिणीचं पाण्याला जाणं, हे आपल्या आजीपर्यंत तरी चालत आलेलं आहे. रुस्तुम पेस्तनजी मसानी हे तेव्हा महापालिकेच्या कारभारात होते, पुढे आयुक्तही झाले. विहिरी बंद करण्याविरुद्धच्या तक्रारी त्यांनी जवळून पाहिल्या. विहिरीत दैवी शक्तीचा वास आहे, तिचं तोंड बंद केलं तर घरावर संकट येईल, असं सांगणारे मालक होते. मसानींना हे इतकं रंजक वाटलं की त्यांनी जगभरच्या जलपूजेचा धांडोळा घेणारं एक पुस्तकच लिहिलं. 'फोकलोर ऑफ वेल्स', १९१८. डासांवरच्या नोटिशीतून लोकसाहित्याचं पुस्तक निघणं हे फक्त मुंबईतच होऊ शकतं.

आता इथे 'अंधश्रद्धाळू लोक विरुद्ध विज्ञान' अशी गोष्ट सांगणं फार सोपं आहे. पण तारखा बघा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात घुसायचा, सामान जाळायचा, माणसं उचलून नेायचा अधिकार दिला. पुण्यात त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ ला रँडच्या खुनात झाला. बेंटलीचा अहवाल आला तेव्हा या सगळ्याला जेमतेम चौदा वर्षं झाली होती. ज्यांनी ते दिवस पाहिले ते लोक जिवंत होते, त्याच घरांत राहत होते. आता पुन्हा महापालिकेचा माणूस दारात उभा राहून 'अंगणातली विहीर दाखवा' म्हणतोय. त्याच्या हातातला कागद शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे हे त्यांना कशावरून कळावं?

शिवाय विहीर असणं म्हणजे स्वतःचं पाणी असणं. नळ सरकारच्या हातात, विहीर आपल्या. नळाला दिवसातून काही तासच पाणी येणार असेल तर विहीर सोडणं शहाणपणाचं नव्हतं. आणि विहीर सोडली तरी माणूस टाकी बांधणारच. म्हणजे डासाने फक्त घर बदललं: अंगणातून गच्चीवर. हा मुद्दा त्या वेळच्या वादात फारसा ऐकू येत नाही, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चोवीस तास पाणी आलं असतं तर साठवायला टाकी कशाला लागली असती? मुंबईतल्या मलेरियाची मुळं पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात आहेत.

भांडणातून हळूहळू तडजोडी निघाल्या. काही विहिरी बुजल्या. काहींवर पक्कं आच्छादन आणि पाणी काढायला पंप किंवा उघडझाप करता येईल असा दरवाजा. काहींत मासे. जिथे हे नीट झालं तिथे उपयोग झाला, जिथे दरवाजा उघडाच राहिला तिथे नाही. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेलने मुंबईच्या मलेरियाची पुन्हा पाहणी केली. सतरा वर्षांनंतरच्या त्या पाहणीतही डास तोच होता आणि त्याचे पत्तेही तेच होते: विहिरी, हौद, टाक्या.

झाकणाचं दुखणं हे की ते एकदा बसवून भागत नाही. ते गंजतं. प्लंबर उघडतो आणि तसंच ठेवून जातो. ओव्हरफ्लोच्या पाइपची जाळी फाटते, आणि बोटभर फट मादीला पुरते. दर आठवड्याला कुणीतरी वर चढून बघायला हवं, कायम. नवं फीचर करायला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत, हे सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको. झाकण हे शुद्ध देखभालीचं काम आहे.

आणि मग देखभालीची गरजच संपवणारी गोष्ट आली. पॉल म्युलरने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. भारतात डीडीटी आणण्यात मुंबई प्रांत पुढे होता. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत, जे तेव्हा मुंबई प्रांतात होते, महायुद्ध संपता संपता घरांच्या भिंतींवर डीडीटी मारायला सुरुवात झाली. तर्क सुंदर होता. खेड्यातला क्युलिसिफेसीज रक्त प्यायल्यावर जड होऊन घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीवर बसतो. भिंतीवर महिनोन्‌महिने टिकणारं विष असलं की तिथेच मरतो. पाणी शोधायला नको, खड्डे बुजवायला नकोत, कुणाच्या विहिरीला हात लावायला नको. भिंत फवारा, पुढच्या गावी जा.

आणि हे चाललं, हे नाकारता येणार नाही. पर्यावरणाबद्दल लिहिताना डीडीटीला सरसकट खलनायक करायची पद्धत आहे, ती मला अप्रामाणिक वाटते. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. १९६५ मध्ये नोंदलेले रुग्ण उरले एक लाखाच्या आसपास. तराई, कारवार, मलनाड अशी ज्वराने ओसाड पडलेली रानं पुन्हा वसली. ज्यांची मुलं जगली त्यांना गिधाडांच्या आणि ससाण्यांच्या अंड्यांबद्दल प्रवचन देणं जमणार नाही.

घोळ वेगळ्या ठिकाणी झाला. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला 'नियंत्रण' शब्द जाऊन तिथे 'निर्मूलन' आला. निर्मूलन म्हणजे एकदा संपवायचं आणि घरी जायचं. मग नाले, पाट, टाक्या, विहिरी यांच्यामागे लागणारी माणसं कशाला हवीत? अळ्यांचं काम जुनाट वाटू लागलं. मोठ्या शहरांचा फवारणीच्या कार्यक्रमात समावेशच नव्हता, तिथे नगरपालिका आपलं जुनं अळीविरोधी काम चालू ठेवतील असं गृहीत होतं. अनेक ठिकाणी ते ढेपाळलं.

त्याच वेळी डास बदलत होते. फवारणीतून चुकून वाचलेली मादी अंडी घालते, तिची पिल्लं तिच्यासारखी चिवट निघतात, आणि काही वर्षांत चिवटांचंच राज्य होतं. स्टिफेन्सायमध्ये ही प्रतिकारशक्ती १९५० च्या दशकातच दिसली, क्युलिसिफेसीजमध्ये त्या दशकाच्या अखेरीस. याला शेतीनेही हातभार लावला. कापसावर, भातावर तीच विषं पडत होती. शेतातल्या पाण्यात वाढणाऱ्या अळीला घराच्या भिंतीवरच्या विषाची तालीम आधीच मिळत होती. डीडीटी चालेना म्हणून बीएचसी आलं, ते चालेना म्हणून मॅलाथिऑन. गुजरात आणि महाराष्ट्राच्या काही भागांत क्युलिसिफेसीज तिन्ही पचवू लागला. फवारणीचा खर्च वाढत गेला, रुग्ण शोधायची यंत्रणा सुस्तावली, आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. शहरांतलं दुखणं त्याआधीच लक्षात आलं होतं. १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना मंजूर झाली. तिचा गाभा काय होता? विहिरी, टाक्या, आठवड्यातून एकदा तपासणी. बेंटलीचा कागद नव्या फायलीत.

पुढचा धडा एका प्रयोगातून मिळाला, ज्याबद्दल आपण शाळेत शिकायला हवं होतं. १९८३ मध्ये मलेरिया संशोधन केंद्राने डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद भागात, काही गावं निवडली आणि तिथे फवारणीऐवजी पाण्याच्या जागांवर काम सुरू केलं. हातपंपाशेजारी शोषखड्डे, गळके नळ दुरुस्त, डबक्यांत भराव, तळ्यांत आणि विहिरींत गप्पी मासे. गावकऱ्यांनाच अळ्या ओळखायला शिकवलं. ओळखणं अवघड नाही: क्युलेक्सची अळी श्वासनळी वर करून पाण्यात तिरकी लटकते, अ‍ॅनोफिलीसला तशी नळी नसल्यामुळे ती पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. एकदा दाखवलं की लहान मुलंही सांगतात. मलेरिया उतरला. काम फार माणसं मागतं, सगळीकडे जमणार नाही, हे आक्षेपही आले आणि ते खोटे नव्हते. मोठ्या कालव्यांच्या किंवा जंगलांच्या प्रदेशात शोषखड्ड्यांनी काय होणार? पण जिथे पाणी माणसाने साठवलेलं आहे तिथे हा मार्ग चालतो, हे पुन्हा सिद्ध झालं.

माशांबद्दल एक सावधगिरी. 'जैविक उपाय' म्हटलं की आपण बिनधास्त होतो. गॅम्बुसिया हा डासांच्या अळ्या खाणारा परदेशी मासा भारतात १९२८ मध्ये आणला गेला आणि पाण्यात सोडत सुटले. तो अळ्या खातो, आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही खातो. विष परत घेता येत नाही तसा मासाही परत घेता येत नाही. बंद विहिरीत सोडणं वेगळं, ओढ्यात सोडणं वेगळं. गोव्यात म्हणूनच संशोधकांनी तिथल्याच पाण्यात राहणारा अप्लोकायलस ब्लॉकी नावाचा इवलासा मासा वापरून पाहिला, आणि त्याच्या जोडीला अळ्यांना मारणारा एक जिवाणू.

गोव्याची हकीकत थोडी थांबून सांगायला हवी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पणजीत बांधकामांची लाट आली आणि तिच्याबरोबर मलेरिया. इमारत उभी राहताना महिनोन्‌महिने पाणी साठवावं लागतं: स्लॅबवर, टाक्यांत, लिफ्टच्या खड्ड्यात. स्टिफेन्सायला याहून काय हवं? दुसऱ्या राज्यांतून आलेले मजूर त्याच जागेवर, अर्धवट भिंतींच्या आत झोपतात, आणि कुणाच्या रक्तात आधीपासून परोपजीवी असले की साखळी पूर्ण. सरकारने मासे सोडले, तपासण्या केल्या, आणि कायद्यात बदल करून बांधकाम मजुरांना रक्ततपासणी करून आरोग्यकार्ड बाळगणं बंधनकारक केलं. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच. तरीही मला त्या कार्डात एक तिरकी गोष्ट दिसते. डास वाढला बिल्डरच्या टाकीत, आणि कागद दाखवायचा मजुराने.

मुंबईतही हेच पुन्हा घडलं. २०१० मध्ये शहरात मलेरियाच्या रुग्णांची नोंद सत्तर हजारांच्या वर गेली, आणि बांधकामांच्या जागा पुन्हा चर्चेत आल्या. महापालिका १८८८ च्या आपल्या कायद्यातलं कलम ३८१ काढून नोटिसा पाठवते, खटले भरते, दंड होतो. टाकीला झाकण हवं, वर जायला शिडी हवी, हे नियम जुनेच. जिथे हे काम सलग काही वर्षं नेटाने झालं तिथे आकडे उतरले.

आणि तरी लोकांची मागणी कशाची असते? धुराची. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डेंग्यू-मलेरियाचा एक रुग्ण निघाला की तासाभरात 'फॉगिंग कधी?' असा मेसेज येतो, आणि टाकीचं झाकण बघायला वर कोण जातंय असा आजवर आलेला नाही. धूर त्या क्षणी हवेत असलेल्या डासांना लागतो. घरात पडद्यामागे बसलेल्यांना फारसा नाही, टाकीतल्या अळ्यांना मुळीच नाही. साथ पेटलेली असताना संसर्ग झालेले डास चटकन कमी करायला त्याचा उपयोग आहे, तेवढाच. पण धूर दिसतो, त्याचा आवाज येतो, त्याच्या गाडीवर बॅनर लावता येतो. झाकण लावण्याच्या कार्यक्रमाला नगरसेवकाला बोलावलंय असं मी अजून ऐकलेलं नाही.

दशकानुदशकं ही भारताची, इराणची, अरबस्तानाच्या आखाताची घरगुती कटकट होती. आफ्रिकेत मलेरिया प्रचंड, पण तो मुख्यतः खेड्यांतला. तिथले डास वेगळे, पावसाच्या डबक्यांत वाढणारे, शहरातल्या सिमेंटमध्ये फारसे न रमणारे. म्हणून आफ्रिकेतली वाढती शहरं मलेरियापासून त्या मानाने सुरक्षित मानली जात. २०१२ मध्ये जिबुती या बंदराच्या शहरात एक अनोळखी डास सापडला. तो स्टिफेन्साय होता. त्या वर्षी जिबुतीत मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते, देश निर्मूलनाच्या उंबऱ्यावर होता. २०२० मध्ये नोंद झाली ७३ हजारांहून जास्त रुग्णांची. यात इतरही कारणं असतील, पण नव्या पाहुण्याचा वाटा मोठा आहे याबद्दल तज्ज्ञांत फारसा वाद नाही.

२०१६ मध्ये तो इथिओपियात सापडला. मग सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. २०२२ च्या सुरुवातीला इथिओपियातल्या डिरे दावा शहरात ऐन कोरड्या ऋतूत, जेव्हा तिथे मलेरिया जवळपास नसतो, साथ उसळली. रुग्णांच्या घरांजवळ टाक्यांत आणि पिंपांत हा डास मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेत त्याला थोपवण्यासाठी स्वतंत्र मोहीम जाहीर केली. वीस वर्षं आफ्रिकेत मलेरियाविरुद्ध जे सर्वाधिक कामी आलं ते म्हणजे औषध लावलेल्या मच्छरदाण्या आणि भिंतींवरची फवारणी. या डासापुढे दोन्ही लंगडी पडतात. तो संध्याकाळी लवकर, घराबाहेरही चावतो, गुराढोरांच्या गोठ्यांत विसावतो, आणि नेहमीच्या बऱ्याच कीटकनाशकांना तो येतानाच दाद देत नव्हता. ती तालीम त्याने आशियात आधीच घेतली होती.

श्रीलंकेचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीलंकेला मलेरियामुक्त देश म्हणून प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच डिसेंबरात मन्नार बेटावर स्टिफेन्साय सापडला. कुठे? विहिरींत. पण तिथे तो सापडला कारण रोग नसतानाही विहिरीत डोकावणारी माणसं पगारावर ठेवलेली होती. त्यांनी यादी केली, विहिरींत अळीनाशक आणि मासे सोडले, आसपासच्या टाक्या तपासल्या. डास पूर्ण हटला नाही, बेटापलीकडेही गेला, पण श्रीलंकेत स्थानिक मलेरिया परतलेला नाही.

आता डिरे दावा, जिबुती, खार्टूम इथले आरोग्य कर्मचारी टाक्यांवर चढून टॉर्च मारतात, पळीने पाणी काढून आडव्या पडलेल्या अळ्या शोधतात, घरमालकांना झाकण लावायला सांगतात. तिथेही नळाला रोज पाणी येत नाही, तिथेही लोक पिंपं भरून ठेवतात, आणि अनोळखी माणसाला घरात घ्यायला तिथेही कुरकुर होते. सापडलेली अळी प्रयोगशाळेत वाढवून, जातीची खात्री करून नोंदवहीत नाव चढवलं जातं. त्या नावामागच्या मूळ नोंदीत, हा डास पहिल्यांदा कुठे मिळाला या रकान्यात, अजूनही 'एलिचपूर' असं लिहिलेलं आहे.